जुल्फारच्या सिंहाला झेंडूचा हार

शारजात अल मजाजला आमचा फ्लॅट होता, आणि त्या फ्लॅटमध्ये माझे सासरे दोन महिन्यांच्या व्हिसावर तोंड फुगवून बसले होते. अण्णा साताऱ्याचे, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आग्रह करकरून आणलं, तर हे रोज बाल्कनीतून खालचं पाणी बघायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, या देशाला इतिहासच नाही. माझं तिकीट काढ."

तिकीट काढून मला चालणार नव्हतं. मला नुकतीच दुबईत नोकरी लागली होती आणि मुलगी दुपारी शाळेतून यायची तेव्हा घरी कोणीतरी हवं होतं. मार्चमध्ये तिची परीक्षा संपली की माझी आई येणार होती. तोवर अण्णांना काहीही करून धरून ठेवणं भाग होतं. म्हणजे आता या देशाचा इतिहासही मीच शोधायचा. नोकरी, स्वयंपाक आणि वर इतिहास.

तो एका पेपरच्या पुरवणीत सापडला. रास अल खैमाजवळ जुल्फार नावाचं मध्ययुगातलं मोठं बंदर होतं आणि तिथला एक नामांकित दर्यावर्दी. समुद्राचा सिंह म्हणायचे त्याला. 'सिंह' ऐकल्याबरोबर अण्णा ताठ बसले. शुक्रवारी सुट्टीला जायचं ठरलं. गुरुवारी त्यांनी नवऱ्याला बर दुबईला पिटाळलं आणि देवळाच्या गल्लीतून झेंडूचा हार आणवला. वीरापुढे रिकाम्या हाताने जायचं म्हणजे काय?

रास अल खैमाला पोचल्यावर आम्ही त्या सिंहाचा पुतळा कुठे आहे ते विचारत फिरलो. ग्रोसरीतल्या मल्याळी माणसाने नाव ऐकून शांतपणे विचारलं, "स्कूल चाहिए या रोड?" इथे थोरांची नावं शाळेला नि रस्त्याला देतात, पुतळेबितळे बसवत नाहीत, हे इतकी वर्षं राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं, धन्य माझी. शेवटी जुल्फार सापडलं. तारेचं कुंपण, वाळूची टेकाडं आणि काटेरी झुडपं.

"आजोबा, इट्स जस्ट सँड," मुलगी म्हणाली.

अण्णा हार धरून उभे. नवरा माझ्याकडे असा बघत होता की ते शहर मीच मोडून ठेवलंय. अखेर हार कुंपणालाच अडकवला. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले, आणि डोळे उघडले तोवर अर्धा हार एका बकरीने फस्त केला होता.

बकरीमागोमाग तिचा मालक आला. अण्णांच्याच वयाचा अरब, हातात काठी. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईच्या फेऱ्या केलेला, त्यामुळे हिंदी अण्णांपेक्षा बरी. त्याने बकरीबद्दल माफी मागितली, हार कुणासाठी ते विचारलं, आणि आम्ही नाव सांगताच छातीवर हात ठेवला. आम्हाला घरीच घेऊन गेला. अरबी कॉफी आणि खजूर पुढे ठेवले आणि त्या दर्यावर्दीची थोरवी सांगायला बसला. ताऱ्यांवरून वाट काढायचा. समुद्राचे रस्ते कवितेत लिहून ठेवलेत. हिंदुस्थानचा किनारा तर त्याला तोंडपाठ.

अण्णांनी कप खाली ठेवला. "एक मिनिट. पोर्तुगीज लोगों को हिंदुस्थान का रास्ता दिखाया, वो यही क्या?"

 त्या वाटाड्याला अण्णांनी वर्गात जन्मभर घरभेद्या म्हणून शिव्या घातल्या होत्या. घरात आम्हीही त्या जेवताना ऐकल्या होत्या. आणि आता त्यालाच हार घालून आलो होतो.

"झूठ," म्हातारा कडाडला. त्याचं म्हणणं, आमचा माणूस तेव्हा थकून घरी बसला होता. वाट दाखवली ती तुमच्याकडच्याने, गुजरातच्या खलाशाने.

"हमारे आदमी ने?" अण्णा उठून उभेच राहिले.

मग दोघांची जी जुंपली, ती दुपार टळली तरी थांबेना. अण्णांची हिंदी संपली की मराठी सुरू, त्याची संपली की अरबी. नवरा मधे पडायला गेला, तर दोघांनी मिळून त्याला गप्प केलं. मी आधी घाबरले होते. मग अण्णांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. गाल लाल, आवाज वर्गात शिकवत असल्यासारखा खणखणीत. सासूबाई गेल्यापासून त्यांच्याशी असं कोणी भांडलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांना नुसतं जपत होतो. मला एकदम भरून आलं, म्हणून मी आणखी एक खजूर तोंडात टाकला.

निघताना म्हाताऱ्याने बजावलं, पुढच्या शुक्रवारी या, किताबातून दाखवतो.

"इन्शाल्ला," अण्णा म्हणाले, तेही दमात घेतल्यासारखं.

परतताना उम्म अल कुवेन मागे पडलं. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "सूनबाई, साताऱ्याहून माझी पुस्तकं मागवून घे. आणि तो व्हिसा वाढवायचं बघ. हा गृहस्थ काही मार्चच्या आत कबूल व्हायचा नाही."