केस कापले की कापून घेतले

हॅव हे इंग्रजी क्रियापद आपल्याला येतं, असा माझा आठ वर्षं समज होता. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवायचे आणि दर वर्षी फळ्यावर त्याच क्रमाने तेच लिहायचे. हॅव म्हणजे जवळ असणं, हॅव म्हणजे खाणं-पिणं, हॅव टु म्हणजे करावं लागणं, आणि दुसऱ्या क्रियापदाच्या आधी आलं तर नुसतं मदतनीस. मुलं उतरवून घ्यायची, मी फळा पुसायचे. हे एवढंसं क्रियापद केवढं बिलंदर आहे ते मला कळलं जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये, एका गुरुवारी. आजही तो गुरुवार कुणाला सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

नवऱ्याला तिथे गाड्यांच्या डिझाइनची नोकरी लागली म्हणून आम्ही गेलो होतो. दोन हजार बारा-तेराची गोष्ट. तो सकाळी सातला बाहेर पडायचा आणि मी दिवसभर घरात. त्याच्या ऑफिसातले लोक भेटले की तू काय करतेस असं विचारायचे आणि मी उत्तर शोधेपर्यंत स्वतःच समजून मान डोलवायचे, हाउसफ्राउ. घर सांभाळण्यात कमीपणा आहे असं नाही, पण मी शिक्षिका होते. वर्गात उभी राहिले नाही तर माझा जीव कासावीस होतो, हे मला त्या सहा महिन्यांत नव्याने कळलं.

गावात एक भाषाशाळा होती. कंपन्यांमधल्या लोकांना इंग्रजी शिकवायला शिक्षक पाठवायची. तिच्या प्रमुख बाईंनी माझी प्रमाणपत्रं नीट पाहिली, कॉफी दिली आणि सांगितलं की आमच्याकडे फक्त मुटरश्प्राखलर शिकवतात, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे लोक. हे त्यांनी ज्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हसून थँक यू म्हटलं आणि माझा फोन नंबर ठेवून आले.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी त्यांचा फोन आला. यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दर गुरुवारी इंजिनिअरांचा वर्ग असायचा आणि तिथे शिकवणाऱ्या इंग्रज गृहस्थांनी कायमचं मायदेशी जायचं ठरवलं होतं. दुसरं कुणी मिळेना. बाई म्हणाल्या, या गुरुवारी तुम्ही घ्या, मी मागे बसून बघेन, मग ठरवू. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी फोडणी सांभाळत मला बाजूला केलं.

आता वर्गात जायचं तर केस नीट हवेत. पुढचे केस वाढून डोळ्यांत येत होते. सलूनमध्ये जायचं तर जर्मन बोलायला हवं, आणि किती कापायचे हे सांगताना मी सेंटिमीटरमध्ये काय बोलून बसेन याचा नेम नव्हता. म्हणून बुधवारी मी आरशासमोर उभी राहिले आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने ते स्वतःच कापले. डावीकडे जास्त गेले, म्हणून उजवीकडे कापले, मग तिकडे जास्त गेले. बाहेर आले तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"कापलेस की कापून घेतलेस?"

मी कापले म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, निदान दुसऱ्या कुणाला बोल लावायला नको. मग नवऱ्याला फोटो पाठवून दोघं मायलेक माझ्यावर मनसोक्त हसले.

गुरुवारी त्या कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत सात जण बसले होते आणि मागच्या कोपऱ्यात वही घेऊन बाई. मी प्रेझेंट परफेक्टची तयारी करून गेले होते. दहा मिनिटांत लक्षात आलं की हा धडा त्यांनी आधीच्या शिक्षकांकडे दोनदा गिरवलाय. उत्तरं बिनचूक आणि चेहरे पेंगुळलेले. बाईंनी वहीत काही लिहिलं.

तेवढ्यात पुढे बसलेल्या, साठीला टेकलेल्या एका इंजिनिअरने फाइलीतून कागद काढला. हे व्याकरण पुरे, म्हणाला, मला खरी अडचण आहे. त्यांचे काही भाग पुण्यातल्या एका कारखान्यात बनायचे. ड्रॉइंगमध्ये एक चूक निघाली, यांनी ती दुरुस्त केली, नवी ड्रॉइंग सर्व्हरवर टाकली आणि तसं मेलने कळवलं. त्याला तीन आठवडे झाले. पुण्याचे लोक ढिम्म हलले नव्हते. ते नुसते बसून असतात, तो म्हणाला, आणि मग मी कुठून आलेय ते आठवून त्याचे कान लाल झाले. मला राग आला, अगदी खरा राग आला. तरी मी तो कागद मागितला.

त्यात त्याचं वाक्य होतं: वुई हॅव द ड्रॉइंग्ज करेक्टेड. खाली पुण्याचं उत्तर: ओके, वुई विल वेट.

मी ते दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या माणसाच्या डोक्यात जर्मन वाक्य होतं. जर्मनमध्ये हॅवचा भाऊ हाबेन लवकर येऊन बसतो आणि 'दुरुस्त केली' हे थेट शेवटी येतं. त्याने तीच मांडणी इंग्रजीत ठेवली. त्याला म्हणायचं होतं, आम्ही ड्रॉइंग दुरुस्त केली आहेत. पण इंग्रजीत ड्रॉइंग हा शब्द मधे आला की हॅव मदतनीस राहत नाही, मुकादम होतो. स्वतः काम करत नाही, दुसऱ्याकडून करून घेतो. पुण्यात वाचलं गेलं: आम्ही ड्रॉइंग दुरुस्त करून घेतो. आणि माझ्यासारख्याच कुणा बाईकडे इंग्रजी शिकलेल्या त्या सज्जन माणसाने शहाण्यासारखं उत्तर दिलं, बरं, आम्ही थांबतो.

मी तयारीचे कागद उलटे ठेवले आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. आय हॅव कट माय हेअर. आय हॅव माय हेअर कट. मग वर्गाकडे वळून मी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, सांगा, यातलं कुठलं खरं आहे?

जर्मन माणूस बाईच्या केसांबद्दल एकदम काही बोलत नाही. शेवटी खिडकीशी बसलेली एक तरुण इंजिनिअर हळूच म्हणाली, पहिलं. का, असं विचारल्यावर ती म्हणाली की दुसरं असतं तर तुम्ही त्या सलूनवाल्याशी भांडला असता. सगळे जे हसले, त्यात साठीचा इंजिनिअरही हसला. मग मी त्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्या वाक्यातल्या ड्रॉइंग्जवर बोट ठेवलं. तो वाक्याकडे बघत राहिला, मग फळ्याकडे, मग माझ्या केसांकडे.

"आल्झो," तो म्हणाला, "म्हणजे ते बसून नव्हते. मी त्यांना थांबवून ठेवलं होतं."

"गेनाऊ," मी म्हटलं. बरोबर. माझ्या तोंडून आपोआप निघालेला तो पहिला जर्मन शब्द असावा.

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही. प्रत्येकाला आपापल्या जुन्या मेल आठवायला लागल्या. वुई हॅव द मशीन रिपेअर्ड, म्हणजे केलं की करून घेतो? एकाने तर कपाळच धरलं. तरुण इंजिनिअरने विचारलं की तुमच्या भाषेत हॅव कसं म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे हॅव नाहीच. मला भाऊ आहे, माझ्याकडे छत्री आहे, माझ्यात दम आहे, सगळं नुसतं 'आहे'वर भागतं. पण काम स्वतः केलं की करून घेतलं, हे मात्र आमची म्हातारी माणसं भाजी निवडता निवडता विचारतात. हे सांगताना मला माझ्या भाषेचा इतका अभिमान वाटला की मी दोन मिनिटं जास्तच बोलले. तास संपून वर वीस मिनिटं झाली होती आणि मागच्या कोपऱ्यातली वही मिटलेली होती. बाई हात मिळवून फक्त कळवते म्हणाल्या.

घरी मी जवळजवळ पळतच आले. सासूबाईंना कोट न काढता सगळं सांगितलं. त्यांना इंग्रजीचं फारसं कौतुक वाटलं नाही, पण आपलं वाक्य जर्मन कंपनीत पोचलं हे त्यांनी तीनदा वदवून घेतलं. मग शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी चहा घेताना बाईंची मेल आली. मला जर्मन जड जाईल म्हणून इंग्रजीत लिहिलेली. पहिलंच वाक्य: फॉर द थर्सडे ग्रूप वुई हॅव अ टीचर फाउंड.

मी कप खाली ठेवला. त्यांच्याकडे शिक्षक सापडलेला आहे. सापडणारच, मुटरश्प्राखलर. डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. काय झालं म्हणून सासूबाई धावत आल्या. त्यांना दुसरा शिक्षक मिळाला, मी म्हटलं.

"पुढे काय लिहिलंय ते तरी वाच."

मी कसंबसं वाचून मराठीत सांगितलं, की सोमवारी दहा वाजता या, आणि येताना पासपोर्ट आणा.

"अगं, मग तुझा पासपोर्ट कशाला हवाय त्यांना?" सासूबाई म्हणाल्या.

मी ते पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी जर्मनमधून: आम्हाला शिक्षिका सापडली आहे.