मेलेल्या घोडीची वरात

ती घटना आठवली की आजही मी एकटा बसल्या बसल्या हसतो. पोलिसाच्या नोकरीत हसण्यासारख्या आठवणी मुळातच कमी, आणि हा काळ तर यवतमाळ जिल्ह्यात कापसाने सगळ्यांची रया घालवलेली तेव्हाचा. ठाण्याचा निम्मा दिवस आत्महत्यांचे मर्ग दाखल करण्यात आणि कापूस खरेदी केंद्रावरच्या बंदोबस्तात जायचा. अशा दिवसांत दारव्ह्याकडच्या एका मोठ्या बाजारगावात मी ठाणेदार होतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगत नाही. घोडीचं सांगतो, तिची हरकत नसावी. तिचं नाव सरकी.

आमच्या भागात शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. या गावच्या यात्रेत मात्र घोडेही पळत, आणि त्यांना तयार करणारा एक वस्ताद होता. मी रुजू व्हायच्या थोडं आधीच तो वारला. यात्रेच्या पंचांनी ठरवलं की शर्यतीच्या मैदानावर कमान उभारायची आणि तिच्यावर वस्तादाचं नाव घालायचं. झालं, गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, असा घोडेवाला पुन्हा होणे नाही, घोडा आजारी पडला तर हा त्याच्याजवळ गवतावर झोपायचा. दुसरा तट म्हणे, "जितणाऱ्या घोड्याचा वस्ताद होता तो! लंगडला का घोडा गायब. पाय मोडलेला एक तरी घोडा त्याच्या तबेल्यात पाह्यला काय कोणी?" चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता.

सरकी ही एका जिनिंगवाल्या मालकाची घोडी. तिने दोन यात्रा गाजवल्या आणि तिसऱ्या यात्रेत तिचा पुढचा पाय दुखावला. मालकाला ती पुढच्या यात्रेत परत पळवायची होती. एके दिवशी वस्तादाने येऊन सांगितलं, "मालक, घोडी गेली. पुरून आलो." मालकाने डोळे पुसले आणि विषय संपला.

तो संपला नव्हता, हे मला एका खबऱ्याने सांगितलं. बाजाराच्या दिवशी तो माझ्या जीपजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मेलेला घोडा नाल वापरते काय?"

"काय बरळतोस?"

"वस्तादाच्या पोरीच्या तबेल्यात घोडे दोन. अन् नालबंदाकडून नाल नेते ढीगभर. बाकीचे कोणाच्या पायात जाते?"

ही कुजबूज मालकाच्याही कानावर गेली. तो तणतणत ठाण्यात आला. वस्तादाने घोडी परस्पर विकून खाल्ली, अफरातफरीचा गुन्हा नोंदवा, म्हणाला. मेलेल्या माणसाला अटक करता येत नाही, पण घोडीचा शोध घेणं भाग होतं. मी वस्तादाच्या मुलीला बोलावलं.

तिशीची बाई, बापामागे तबेला एकटीच्या हिमतीवर चालवणारी. महिला शिपाई बसवून मी विचारपूस सुरू केली.

"बसा ताई."

"उभीच बरी हाव, साहेब. घोड्याइसंगं राहून बसाची सवयच नाई राह्यली."

"सरकी जिवंत आहे का?"

तिने प्रश्न शेवटपर्यंत ऐकला आणि पदर खोचला.

"कुठे आहे?"

"खोटं म्या बोलणार नाई, अन् खरं सांगाले मनाई हाय. अब्बाले जबान देल्ली हाय."

आमच्या हवालदाराने आवाज चढवून पाहिला. कोठडीची भीती घातली. ती म्हणाली, "टाका ना मंग आत. फक्त सांजच्याले माह्या दोन घोड्याइले पाणी दाखवा."

नोकरीत माझा एक ठोकताळा झाला होता. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. ही बाई प्रश्न पुरता ऐकून घ्यायची आणि मग तोंड मिटायची. माझी खात्री पटली की घोडी जिवंत आहे, आणि ही काही चोर नाही. पण खात्रीवर तपास बंद होत नसतो. घोडी सापडली नसती तर वस्तादाचं नाव कमानीऐवजी गुन्ह्याच्या कागदावर गेलं असतं. ते तिलाही कळत होतं. जाताना दारात थांबून तिने एकदाच डोळ्यांना पदर लावला. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

मग लगीनसराई आली. उमरखेडकडून एक वरात आली, बॅंड तिकडचा, घोडी तिकडची. बाजारचौकात वाहतूक तुंबू नये म्हणून मी स्वतः उभा होतो. आमच्याकडे पाहुण्यांचा मान दुपट्टा-टोपी देऊन करतात. नवरदेवाच्या मामाला तो मान नुकताच मिळालेला, आणि मामा चांगलाच रंगात आलेला. तो घोडीसमोर नाचू लागला, कोरा दुपट्टा डोक्यावर गरगर फिरवला आणि झटक्यात खाली टाकला.

आता या गावात शर्यत कशी सुटते, हे मामाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. शिट्टी नाही, बार नाही. पंच दुपट्टा वर धरतो आणि खाली टाकतो. दुपट्टा पडला की घोडे सुटतात.

घोडी सुटली.

नवरदेवाने आयाळ धरली, मुंडावळ्या मागे उडाल्या, बॅंडवाले काही न सुचून वाजवतच राहिले. मी जीपमध्ये उडी मारली. घोडी एका पायाने लंगडत होती, तरी काय तिची ऐट! बाजारातली माणसं आधी किंचाळली. मग टपरीवरचा एक म्हातारा ओरडला, "अरे, हे तं सरकी होय!" आणि अख्खा बाजार टाळ्या पिटत मागे धावला. घोडी थेट मैदानावर गेली, शेवटची रेघ ओलांडली आणि मान ताठ करून उभी राहिली. नवरदेव धड होता. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "साहेब, मले उतरवता काय?"

लग्न मुहूर्तावर लागलं. पण वरबाप अक्षता पडताच ठाण्यात हजर. "माह्या पोराले पळवून नेलं. लिहून घ्या!"

हवालदाराने पेन उघडलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पळवून नेणारी सज्ञान होती का?"

कित्येक महिन्यांनी आमचं ठाणं हसलं. शेवटी वरबापही हसला आणि तक्रार न देता मांडवात परतला.

बॅंडवाल्याने सगळं सांगून टाकलं. वस्तादाने घोडी त्याच्याकडे वरातीच्या हळू कामाला ठेवली होती. अट एकच, माझ्या गावात आणू नको. वस्ताद गेला, हा अट विसरला. आणखी दोन लंगडे घोडे एका तांड्यावर नुसतेच चरत होते. त्यांना नाल पुरवायची ती वस्तादाची मुलगी.

सरकी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात बांधली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय तपासला. चालायला हरकत नाही, शर्यतीत मात्र हाड पुन्हा मोडेल, म्हणाले. मालक आला, मुलगी आली, पंच आले, मागून सगळा गाव आला.

मालक चिडलेला होता. "घोडी माही होती. मले खोटं कायले सांगतलं? खरं सांगतलं असतं तं म्या आयकलं नसतं काय?"

मुलगी म्हणाली, "आयकलं असतं, मालक?"

मालक वाकला, घोडीच्या पायावरून हात फिरवत खाली आला, आणि हाड जिथे वेडंवाकडं जुळलं होतं तिथे त्याचा हात थांबला.

"नसतं आयकलं," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "राहू द्या हिले ताईकडंच."

प्रकरण मिटलं, वाद मिटला नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं, खोटं ते खोटंच, खोटं बोलणाऱ्याचं नाव कमानीवर कसं घालायचं? कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू बरोबर होती, हे मी आजही म्हणेन. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत मुलगीच पुढे आली.

"कमान नका करू. ज्याचा घोडा लंगडला त्यानं माह्या दारी आणावा. फक्त दिवसा आणा. अब्बाले चोरून करा लागलं. मले चोरून नाई करायचं."

सभा गुपचूप पांगली. लोक ऐकून घेतात आणि घरी जाऊन विसरतात, हा माझा अनुभव. त्यामुळे मी फारशी आशा धरली नव्हती.

पुढच्या यात्रेत बंदोबस्ताला मी मैदानावरच होतो. जिनिंगवाल्या मालकाचा नवा घोडा सगळ्यांच्या पुढे पळत होता, आणि अर्ध्यावर त्याचं पाऊल चुकलं. तरीही चाबूक मारला असता तर तो जिंकला असता. मालक कडेवरून हातवारे करत मैदानात घुसला, स्वाराला खाली उतरवलं, लगाम हातात घेतला आणि भर दुपारी, सगळ्या यात्रेसमोरून, त्या लंगड्या घोड्याला चालवत वस्तादाच्या दाराकडे निघाला. कोण पहिला आला हे कोणी पाहिलंच नाही. लोक मालकाला वाट करून देत होते आणि शिट्ट्या मारत होते.

गुन्हेगार अंधार शोधतो, हे मला पोलीस प्रशिक्षणात शिकवलं होतं. भला माणूसही कधी कधी अंधार शोधतो, कारण उजेडात आपण बाकीचे उभे असतो, हे या प्रकरणाने शिकवलं. त्या दुपारी मी आणि हवालदार वर्दीत होतो, आणि सगळ्यांत मोठ्या शिट्ट्या आमच्या होत्या.