परवानगी येईपर्यंत

माझे भाऊजी दीनानाथ यांच्याइतका सरळ माणूस वणीत दुसरा नसेल, असं लोक म्हणतात, आणि कौतुकाने म्हणतात. मी त्यांची मेव्हणी. माझ्या थोरल्या बहिणीने, कुंदाताईने, या सरळपणाबरोबर सगळा जन्म काढला, तेव्हा त्यावर बोलायचा हक्क मला आहे. सरळ तर विजेचा खांबही असतो.

भाऊजी एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. ऑफिसचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आमचे बाबा गेले तेव्हा नातेवाइकांना कळवायला हे ऑफिसातून उठून भर उन्हात चौकातल्या एसटीडी बूथवर गेले होते. टेबलावर ऑफिसचा फोन होता. पण बाबा ऑफिसचे नव्हते ना.

पुढे ऑफिसात इंटरनेट आलं. कोणकोणत्या साइट बंद ठेवायच्या हे ठरवायचं काम साहेबांनी यांच्याकडे दिलं, आणि यांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. सिनेमे, गाणी, लग्नं जुळवणाऱ्या साइट, व्हिडिओ कॉल, सगळ्यांना कुलूप. एजन्सीच्या माणसाने ते बसवून दिलं आणि उघडायचा पासवर्ड यांच्या स्वाधीन केला. रिटायर होताना भाऊजींनी चार्ज दिला तो किल्ल्या, शिक्के, वाळलेलं स्टॅम्प पॅड आणि बंद पाकिटात पासवर्ड, असा. नवा हेडक्लार्क गालातल्या गालात हसत होता म्हणे.

त्याच सुमारास ऑफिसने जुने लॅपटॉप विक्रीला काढले. त्यातला एक यांनी रीतसर पावती घेऊन विकत घेतला. घरी आणून सुरू केला तर लॅपटॉप आपला मनाने अजून ऑफिसातच. इंटरनेट लावलं की ऑफिसचा सर्व्हर शोधत बसायचा, तो इथे घरात सापडणार कुठून? मग पाटी यायची, ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते. भाऊजींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ते त्यावर कॉलनीच्या नळाच्या तक्रारी टाइप करत आणि प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन बाजारात जात.

दिवाळीत मितालीला मुलगी झाली. मिताली म्हणजे यांची एकुलती एक, कॅनडात असते. बाळाचे कागद व्हायचे होते, इतक्यात येणं शक्य नव्हतं. आणि इकडे ताईच्या साखरेने तिच्या डोळ्यांचा घास घ्यायला सुरुवात केली होती. डावा डोळा गेलाच होता. उजव्याला नागपूरला लेसर झालं, इंजेक्शनं झाली, पण तो किती दिवस साथ देईल ते डॉक्टरही सांगेनात. फोनवर बाळ दाखवलं की तिला नुसता गुलाबी डाग दिसायचा. मोठ्या पडद्यावर, भरपूर उजेडात, जवळ बसून बघितलं तर चेहरा कळेल, असं डॉक्टरच म्हणाले होते. नातीचं तोंड एकदा नीट बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. भाऊजींना म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, ऑफिसची सगळी बंधनं काढून टाकते, फक्त पासवर्ड लागेल.

"माझ्यापाशी होता," ते म्हणाले. "चार्जमधी देऊन टाकला."

मग सगळं पुसून नव्याने भरते, म्हटलं. तर तेही नको. कुलूप ऑफिसने लावलं, ते काढायला ऑफिसची परवानगी पाहिजे. मी सांगितलं, पावती तुमच्या नावाची, वस्तू तुमची. ते म्हणाले, वस्तू माझी आहे, कुलूप माझं नाही. आणि त्यांनी त्याच लॅपटॉपवर अर्ज टाइप केला.

उत्तर आलं नाही. संक्रांतीला त्यांनी स्मरणपत्र दिलं. स्वतः जाऊन आले, तर नव्या हेडक्लार्कने, ज्याला यांनीच ड्राफ्टिंग शिकवलं होतं, चहा पाजला आणि बघतो म्हणाला. मी चिडून माझा लॅपटॉप घेऊन गेले. भाऊजींनी झाकणावरचं स्टिकर वाचलं आणि विचारलं, शाळेचा आहे ना? मग खाजगी कामाला कसा चालेल? ताईला म्हटलं, तू माझ्या घरी चल, मी दाखवते. ती म्हणाली, यांच्या मागे नको, त्यांना लागेल. नवा घ्या म्हटलं तर घरात एक असताना दुसरा कशाला, हे दोघंही एका सुरात म्हणाले. अशा दोन माणसांपुढे मी कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार होते?

बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं. होळी झाली, पाडवा झाला. ताई रोज विचारायची, पत्र आलं काय? आणि भाऊजी पोस्टमन येऊन गेल्यावर नाही म्हणायचे.

वैशाखात एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. पायात चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. आत या म्हटलं तर आले नाहीत. ताई अंगणात तुळशीला पाणी घालत होती, अंग भाजेल असं ऊन होतं, आणि तिने यांना विचारलं होतं, आभाळ आलं काय आज? एवढं सांगून ते म्हणाले, "संगीता, चाल. आत्ता काढून टाक ते."

मी गेले. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी दुपारीच घेऊन या म्हटलं. ताई म्हणाली, आधी पोरीला बघून घेते, मग कुठंही न्या. मी लॅपटॉप उघडून बसले आणि पासवर्डच्या चौकटीपाशी येऊन थांबले. म्हटलं, भाऊजी, हा नसेल तर सगळं पुसावं लागेल, संध्याकाळ होईल.

ते म्हणाले, "सरक."

बसले, आणि एका बोटाने टाइप करत गेले. न अडखळता. कुलूप उघडलं.

मी म्हटलं, "ठाऊक होता तं सांगितला काहून नाही?"

"ठाऊक होता," ते म्हणाले. "पण माझा नव्हता."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. दिवाळीपासून तो पासवर्ड या माणसाच्या डोक्यात होता आणि रोज सकाळी हा माणूस पोस्टमनची वाट बघत होता. पण भांडायला वेळ नव्हता. मी ऑफिसच्या सर्व्हरची सेटिंग काढली, ऑफिसचं खातं काढलं, साइट अडवणारे नियम पुसले, पाळत ठेवणारा प्रोग्रॅम उडवला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. ती पाटी गेली. ताईने आणून ठेवलेला चहा अजून गरम होता.

माझ्या फोनचं नेट जोडलं, मितालीला कॉल लावला. तिकडे रात्र होती, तरी तिने बाळाला उठवून आणलं. पडदाभर नात आली. डोक्यावर भरपूर जावळ, खाली दोन दात. ताई पदर सावरून पुढे सरकली.

"आली माझी माय," ती म्हणाली. "नाक थेट मितालीवर गेलं."

मिताली हसली. भाऊजी ताईच्या खुर्चीमागे उभे होते, त्यांचाही चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, देव पावला, निदान एवढं तरी दिसतंय हिला.

तेवढ्यात नेट अडकलं. चित्र गेलं, पडदा काळा झाला, नुसता आवाज येत राहिला. मिताली तिकडून बाळाला म्हणत होती, आजीला हसून दाखव.

"पाहा ना, कशी हसून राह्यली," ताई काळ्या पडद्याला म्हणाली. "दात किती चिमणे आहेत. झबलंही सुरेख आहे गं."

दाताचं मितालीने फोनवर आधीच सांगितलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. चित्र परत आलं तरी ताई तशीच, जरा खिडकीकडे तोंड करून, बोलत होती. मितालीच्या लक्षात आलं असावं. तिचा आवाज बदलला, पण ती बाळाचे हात दाखवत राहिली, पाय दाखवत राहिली, आणि ताई सगळ्याला छान म्हणत राहिली.

"डोळे भरून पाहिलं बाई," शेवटी ती म्हणाली. "झोपव आता तिले."

कॉल संपला. भाऊजी हळूच तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिने चाचपून त्यांचा हात शोधला आणि विचारलं, "ऑफिसचं पत्र आलं काय शेवटी?"

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी एकही खोटं ऐकलं नव्हतं.

"आलं," भाऊजी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"हरकत नाही म्हणतात."

"बरं झालं," ताई म्हणाली. "नाही तं तुम्हाले झोप लागली नसती."