वायरलेसवाल्याचा डावा कान

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावं, याबद्दल त्याच्या घरात कुणाचंच दुमत नव्हतं. धाकट्या मेहुण्याचं तर मुळीच नव्हतं. मेहुणा पहारेकरी पुरवणाऱ्या एका एजन्सीत सुपरवायझर होता आणि बहिणीच्या नवऱ्यासाठी त्याने एका बँकेच्या दारातली खुर्ची धरून ठेवली होती. सावलीतली जागा, डोक्यावर पंखा, काम म्हणजे दार उघडायचं आणि लावायचं. "भाऊजी, जन्मभर उभे राहिलात, आता जरा बसा," असं तो येताजाता ऐकवायचा. भाऊजी हसून मान डोलवायचे. आणि एके दिवशी भाऊजींनी कुणाला न विचारता नर्सिंग कॉलेजात नाव घातलं. मेहुणा काही दिवस बोललाच नाही. बोलला तेव्हा "नर्स?" एवढंच बोलला.

यामागे कारण होतं, आणि ते काही झटका आल्यासारखं सुचलेलं नव्हतं. फौजेत तो वायरलेसवर होता. दूरच्या चौकीवर कुणी जखमी झालं की तिथला मलमपट्टी करणारा सैनिक नाडी, रक्तदाब मोजून आकडे याला सांगायचा आणि हा ते मागे इस्पितळातल्या डॉक्टरला पोचवायचा. मध्ये खरखर आली तर बोलायचं वाक्य एकच: "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." पलीकडचा ओरडो, शिव्या देवो, आकडा कानावर नीट आल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही. अंदाजाने काम उरकणाऱ्याला त्या खोलीत थारा नव्हता. अशी कितीतरी माणसं त्याच्या कानातून गेली. त्यांतली किती वाचली हे त्याला क्वचितच कळलं आणि त्या आकड्यांचा अर्थ काय हे तर कधीच नाही. तो त्याला आता समजून घ्यायचा होता. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती मशीनवर बाही जोडत होती. पाय न थांबवता ती म्हणाली, "मग शिका की. खुर्ची काय पळून चाललीय?"

फीची चिंता नव्हती. माजी सैनिकांसाठी सरकारची योजना होती: जन्मात एकदाच, एका अभ्यासक्रमासाठी, फी सरकार भरणार आणि घर चालवायला महिन्याला भत्ता देणार. अट एकच, पण सणसणीत. प्रत्येक सत्रात झाडून सगळ्या विषयांत पास व्हायचं. एका विषयात घसरला की भत्ता बंद, आणि भत्ता बंद म्हणजे बँकेच्या दारातली खुर्ची. मेहुणा भला माणूस, त्याने ती सत्र संपेपर्यंत रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं.

वर्गात सगळ्या मुली, त्याच्या निम्म्या वयाच्या. पहिल्या दिवशी मॅडम आत आल्या तेव्हा हा खाडकन उठून उभा राहिला, आणि मॅडम "बसा" म्हणायला विसरल्या म्हणून तास संपेपर्यंत तसाच उभा राहिला. तेव्हापासून तो सगळ्यांचा फौजीकाका झाला. काकांची वही सुवाच्य, काकांनी घातलेली चादर ढोलासारखी ताणलेली, काका कधी उशिरा येत नाहीत. मुली परीक्षेच्या आधी त्याच्याकडून चादरीच्या घड्या शिकायच्या आणि त्या बदल्यात त्याला लॅटिन नावांचे उच्चार शिकवायच्या. एकमेकांचं छान चाललं होतं. घोडं अडलं ते रक्तदाबापाशी.

त्याचं असं होतं की शेवटच्या नेमणुकीत वायरलेसची खोली तोफांच्या अगदी कुशीत होती. तिथे त्याचा डावा कान गेला आणि उजवा अर्धवट राहिला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही तक्रार?" आणि त्याने फौजी माणसाचं ठरलेलं उत्तर दिलं, "काही तक्रार नाही, साहेब." आजारी म्हणून नाव देणं म्हणजे आपली पाळी सोबत्याच्या गळ्यात मारणं, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं. सवयच ती, निवृत्त झाल्यावर थोडीच निवृत्त होते.

आता रक्तदाब मोजायचा म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबून हवा भरायची, मग ती हळूहळू सोडत स्टेथोस्कोपने नाडीचा आवाज ऐकायचा. आवाज सुरू झाला तो वरचा आकडा, थांबला तो खालचा. याला आवाज जेमतेम पोचायचा. मग हा काट्याकडे टक लावून बघायचा. नाडी लागली की काटाही किंचित थरथरतो. अर्धं डोळ्यांनी, अर्धं उजव्या कानाने, असं ओढूनताणून तो आकडा काढायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. ही लबाडीच होती, झाकून कशाला ठेवायची? त्यालाही ती खुपत होती. पण सत्र संपत आलं होतं आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

अशात एका सकाळी वॉर्डात त्याच्या वाट्याला एक आजी आल्या. दंड काडीसारखा, नाडी त्याहून बारीक. पट्टा बांधला, हवा सोडली. कानात काही नाही आणि काटाही हलायचं नाव घेईना. पुन्हा केलं. तेच. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता, त्यावर पहाटेचा आकडा ठळक लिहिलेला. बाकीच्या मुली अशा वेळी त्याच्या आसपासचं काहीतरी लिहून मोकळ्या व्हायच्या. त्यानेही पेन उघडलं. मग ते मिटून खिशात ठेवलं आणि तो सरळ मॅडमपुढे जाऊन म्हणाला, "मॅडम, मला ऐकू आलं नाही."

"पुन्हा घ्या मग."

"पुन्हा घेतलं. मला ऐकू येत नाही, मॅडम. डावा कान गेलाय. उजवा थोडाफार आहे. आजवर काटा बघून सांगत होतो."

वॉर्डातल्या मुली जागच्या जागी थांबल्या. मॅडम आजींपाशी गेल्या आणि स्वतः रक्तदाब घेतला. एखाद्या सांगोवांगीच्या गोष्टीत आजींचा रक्तदाब धाडकन कोसळलेला निघाला असता आणि काकांचा जयजयकार झाला असता. तसलं काही झालं नाही. आकडा पहाटे होता तोच निघाला, तंतोतंत. शेजारच्या खाटेपाशी उभी असलेली वर्गातली मुलगी हळहळून म्हणाली, "काका, तेच लिहायचं ना सरळ. बरोबर आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला. "पण मी ऐकलेलं नसतं ना ते."

मॅडमनी त्याला बाजूला बोलावलं. ऐकू येत नसेल तर यापुढे पेशंटच्या दंडाला हात लावायचा नाही, आणि परीक्षेपर्यंत काही सोय झाली नाही तर प्रात्यक्षिकात शून्य. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "लायब्ररीच्या मागे माजी सैनिकांसाठी एक बाई बसतात. त्यांना भेटा."

त्या बाईंचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून चहाच्या कपाखाली दाबलेले कागद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप मिळतो, तुमच्या योजनेतच बसतो, कान तपासून घ्या आणि अर्ज करा.

तो घुटमळला. "पण ते सामान खऱ्या जखमींसाठी असतं ना?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "खऱ्या म्हणजे? तुम्ही काय खोटा कान घेऊन आलात?"

त्याला हसू आलं. बाईंना मात्र आलं नाही. त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. कानाची नोंद एकदा झाली की ती कायमची. उद्या पहाऱ्याच्या नोकरीला गेलात तर तंदुरुस्तीचा दाखला मिळणार नाही. घरी विचारा, मग सही करा."

म्हणजे सही करून नापास झाला तर कॉलेजही गेलं आणि खुर्चीही. हाच हिशेब मांडत तो घरी गेला. मेहुणा नेमका आलेला होता. सगळं ऐकून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊजी, हा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा प्रकार आहे. कान बाजूला ठेवा, खुर्ची घ्या. दार उघडायला कान कशाला लागतो?"

त्याने बायकोकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय," ती दोरा तोडत म्हणाली. "तुम्ही परत आल्यापासून मी तुम्हाला डावीकडून हाक मारणं सोडलंय. मला कळलं नाही असं वाटलं होय तुम्हाला?" मग भावाकडे वळून म्हणाली, "ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाला तरी दे बाबा. बिचारी किती दिवस रिकामी राहणार?"

त्याने इतके दिवस जे लपवलं ते तिला माहीत होतं, आणि तिने ते त्याच्यासाठी लपवलेलंच ठेवलं होतं. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. ज्या माणसाने आयुष्यात कशाची तक्रार केली नव्हती, त्याच्या नावावर पहिली तक्रार नोंदली गेली. माझ्या मते त्याने केलेल्या धाडसांत हे सगळ्यात मोठं होतं, जरी याला कुणी पदक देत नाही.

स्टेथोस्कोप परीक्षेच्या आदल्या दिवशी आला. दिसायला इतरांसारखाच, मध्ये एक छोटी डबी आणि तिच्यावर बटण. सरावाला वेळ मिळालाच नाही.

परीक्षेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ खाटेवर पडले होते आणि मॅडम हातात घड्याळ घेऊन बसल्या होत्या. बाहेर मुलींची रांग. त्याने पट्टा बांधला, काट्याकडे एकदा बघितलं आणि मग मुद्दाम नजर खिडकीकडे वळवली. हवा सोडली. कानात आवाज सुरू झाला तेव्हा आणि थांबला तेव्हा, अशी दोनदाच काट्यावर नजर टाकून त्याने दोन्ही आकडे सांगितले. मॅडमनी आपल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि मान हलवली. आता छातीवर ठेवून ठोके मोजायचे होते. त्याने मोजले, सांगितले. तेही जुळले.

"झालं. पास आहात," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या मुलीला पाठवा."

"हो, मॅडम," तो म्हणाला. पण उठला नाही. तो तसाच वाकून राहिला, स्टेथोस्कोप म्हाताऱ्यांच्या छातीवर आणि डोळे मिटलेले. इतकी वर्षं त्याने आकडे पोचवले होते. आकड्याच्या आत हे असं धडधडत असतं, ते आज पहिल्यांदा त्याच्या कानावर येत होतं.

म्हातारे घाबरले. "काय हो, काही बिघडलंय का आत?"

"नाही बाबा, काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "नुसतं ऐकतोय."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडे बघितलं, आणि तिला बाहेर थांबायची खूण करून दार लोटून घेतलं.