सावकार शब्दातला साव

महाळुंग्याच्या छबूबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात आणि गावातल्या बायकांचा बचत गट चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या खोलीतली पुनम रडत आली. तिच्या नवऱ्याचा उजवा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये सापडला होता. दवाखान्यासाठी तिने गावातल्या नानासाहेबांकडून पैसे उचलले होते. हप्ते थकले, तशी त्यांच्या माणसांनी तिची शिलाई मशीन उचलून नेली.

जमीन कारखान्याला जाऊन पैसा हाती आल्यापासून नानासाहेब परगावच्या कामगारांना व्याजाने पैसे देत. छबूबाई त्यांच्याकडे गेल्या. नानासाहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "आमी सावकार हाय, छबूबाई. वसुली हा आमचा धरमच."

परतताना तो शब्द छबूबाईंच्या डोक्यातून जाईना. साव म्हणजे प्रामाणिक माणूस, असंच त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. मग तो या शब्दात कसा काय शिरला? सुट्टीच्या दिवशी चाकणला वाचनालयात जाऊन त्यांनी तिथल्या ग्रंथपाल विजयश्रीला विचारलं. तिने जाडजूड शब्दकोश काढून वाचून दाखवलं: मूळ शब्द साधू, त्याचा प्राकृतात साहू झाला, मराठीत साव. ज्याचा व्यवहार चोख, ज्याच्यावर लोकांनी विश्वास टाकावा, तो सावकार.

छबूबाईंनी ते चिठ्ठीवर उतरवून घेतलं. मग गटातल्या बायकांना घेऊन त्या पुन्हा नानासाहेबांच्या ओट्यावर गेल्या.

"सावकार म्हंजी सचोटीचा माणूस, असं पुस्तकात लिवलंय," त्या म्हणाल्या. "तुमी सावकार असाल, तर सावकारीचा सरकारी परवाना दाखवा. नसंल, तर मशीन द्या. मुद्दल पुनम फेडंल, ती बुडवायची न्हाई."

नानासाहेबांकडे परवाना नव्हता, पण ते हटले नाहीत. छबूबाईंनी सरकारी कार्यालयात तक्रार दिली. पुनम घाबरली, गटातल्या दोघी मागे हटल्या, कँटीनच्या खाड्यांचा पगार कापला गेला. तरी छबूबाई चौकशीच्या प्रत्येक तारखेला हजर राहिल्या. शेवटी अधिकारी घरी चौकशीला येणार असं कळलं, तेव्हा नानासाहेबांनी मशीन टेम्पोत घालून पाठवून दिली.

उरलेली मुद्दल गटाने पुनमला कर्जाऊ दिली. ती रक्कम नानासाहेबांच्या हातात ठेवून छबूबाईंनी पावती मागितली आणि मिळेपर्यंत ओटा सोडला नाही. पुनम आता कंपन्यांचे गणवेश शिवते. तिचा नवरा डाव्या हाताने काज-बटणं करायला शिकतोय.