दोन लिंबू सरबत आणि डिसेंबरातली काळी एल

बाबा महिन्याभराच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. त्यातला शेवटचा शुक्रवार उरला, तेव्हा मी ठरवलं: त्यांना डोंगरापलीकडच्या त्या पबमध्ये न्यायचं. तिथे फक्त डिसेंबरात काळी एल येते, भाजलेल्या धान्याच्या वासाची, नेहमीच्या बिअरहून गडद. गेली तीन वर्षं मी त्यासाठी जाते. बाबांना हे माहीत नव्हतं. आपली मुलगी पिते, हेही नव्हतं. या वेळी सांगायचं, त्यांच्यासमोर एक ग्लास मागवायचा, एवढाच बेत होता. आईचे गुडघे पाहता बाबा पुन्हा तिला सांगलीत एकटीला ठेवून येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी आठला अल नहदातल्या माझ्या फ्लॅटवरून निघालो. लवकर निघा, नंतर धैदच्या चौकात गर्दी होते. मसाफीच्या शुक्रवार बाजारात गाडी थांबवली. गालिचे बघून नुसतं पुढे व्हायचं. फळं मात्र घ्यावीत. बाबांनी डाळिंबाचा भाव विचारला.

"अठरा दिरहम? म्हणजे दोनशे सोळा रुपये! सोन्याचे दाणे आहेत काय?"

"हबीबी, खाके देखो," म्हणत दुकानदाराने एक फोडून हातावर ठेवलं. बाबांनी खाल्लं आणि पेटी घेतली.

तिथून पुढे घाट. डोंगर तपकिरी, झाड जवळपास नाही. वळणांवर साठच्या वर जाऊ नका. घरापासून ओडोमीटरवर एकशे अठरा किलोमीटर झाले, तेव्हा समुद्र दिसला. पब एका जुन्या छोट्या हॉटेलात आहे. लाकडी तुळया, डार्टबोर्ड, खिडकीबाहेर बकऱ्या. काउंटरवर सावंतवाडीचे नाईक असतात. मला बघताच त्यांनी हात वर केला.

"ताई, इली हां तुमची काळी! कालच पिंप उघडलां. एक देऊ काय?"

इतकं सोपं होतं. 'हो, दोन द्या,' एवढंच म्हणायचं होतं.

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हणाले. "मी पहिल्यांदाच येतेय. दोन लिंबू सरबत द्या. आणि मासे."

नाईकांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. "होय काय? मग चुकलंय मी," म्हणाले आणि ग्लास पुसत राहिले.

मासे ताजे होते, दोघांत पन्नास दिरहमच्या आत भागलं. जेवताना बाबांनी विचारलं, "काळी एल म्हणजे काय गं?"

मी सांगितलं. धान्य किती भाजतात, फार थंड का देत नाहीत, बारा अंशांवर वास कसा खुलतो. बोलता बोलता थांबले. बाबा शांतपणे काटे काढत होते.

"पहिल्यांदाच येऊन बरंच कळलं तुला."

मी पाणी प्यायले.

"आमच्या वर्कशॉपात," थोड्या वेळाने ते म्हणाले, "एकदा दिवाळीला सगळ्यांनी बिअर घेतली होती. मीसुद्धा. आईला सांगू नकोस."

सांगायचं दार त्यांनी स्वतः उघडून दिलं होतं. मी घड्याळ बघितलं. "निघू या बाबा, घाटात ट्रक लागतील."

ट्रक लागले नाहीत. परतताना त्यांनी रस्ताभर डाळिंबाच्या पेटीवर हात ठेवला होता.

जानेवारीत मी एकटी गेले. नाईकांनी न विचारता लिंबू सरबत समोर ठेवलं.

"काळी?"

"संपली, ताई. शेवटचे दोन ग्लास ठेवले होते, तुमका नि बाबांका. पण पिंप उघडल्यावर किती दिस रवतली ती?"

"त्या दिवशी..."

"जाऊ दे, ताई. बापाशीसमोर माका पण नसता जमला."

जाणाऱ्यांसाठी एवढंच: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जा. बाटली बरोबर आणू नका, वाटेत शारजा लागतं, तिथे दारूला बंदी आहे.

घरी आल्यावर सांगलीला फोन लावला. कॉलिंग कार्डावर सहा मिनिटं शिल्लक होती. आईशी बोलणं झालं, मग बाबा आले.

"गेली होतीस का तिकडे?"

"हो."

"मिळाली का ती?"

"संपली होती."

 मग बाबा म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या दिवशी मला विचारशील, घेणार का म्हणून."

अजून चार मिनिटं होती. मी त्यांना इथलं हवामान सांगितलं. अठरा अंश, वारा उत्तरेचा.