पाच नंबरची सर्व्हिस

तमाम व्हॉलीबॉलपटूंना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपली सर्व्हिस कुठे पडणार हे यापुढे कुणीही ओरडून सांगण्याची गरज नाही. ते ऐकणारे आमचे मुलुंडचे प्रशिक्षक शंकरअण्णा महिन्यापूर्वी वारले... फोनवर आमच्या जुन्या संघातल्या विज्याने सांगितलं.

ऐंशीच्या दशकात अण्णा कारखान्यातून सुटले की डब्याची पिशवी घेऊन थेट मैदानावर येत. आधी आम्ही पोरांनी नुसता बॉल वर उडवायचा, पन्नास वेळा. तो पुढच्या पायासमोर ठेवलेल्या अण्णांच्याच चपलेवर पडला पाहिजे. मग नेटपलीकडे गोणपाटं अंथरत. प्रत्येक गोणपाटाला कोर्टातल्या जागेचा नंबर. सर्व्हिस करणाऱ्याने नंबर मोठ्याने सांगायचा, मगच मारायचं. “मनातला बेत ऐनवेळी बदलता येतो, मेल्या. तोंडाने बोललास की हाताला पळवाट नाही!” सामन्यात मात्र हे मनातल्या मनात म्हणायचं, एवढं सांगायचं अण्णांकडून राहून गेलं. बाकीच्या पाच जणांना ते न सांगता कळलं होतं.

घाटकोपरच्या संघाशी अंतिम सामना. अण्णांच्या पोरांनी तोवर एकही चषक आणला नव्हता. चौदा-तेरा, सर्व्हिस माझी, एकच गुण हवा. मी श्वास घेतला आणि मैदानभर ऐकू जाईल असा ओरडलो, “पाच!” त्यांचा खेळाडू सावकाश पाच नंबरच्या कोपऱ्यात सरकला, बॉल अलगद उचलला, सर्व्हिस त्यांच्याकडे गेली, त्यांनी ओळीने तीन गुण घेतले... आणि सामना गेला.

“पोस्टकार्डच टाकायचं होतंस ना यार!” विज्या म्हणाला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि नेट सोडायला वाकले. त्या बघण्याचा मी माझ्यापुरता अर्थ लावला आणि मैदान सोडलं. त्यांनी दोनदा निरोप धाडला, मी गेलो नाही. पुढे बोरिवलीला राहायला आलो. एकदा मुलुंडच्या बाजारात ते समोरून येताना दिसले, तर चक्क भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेली किसणी घेऊन बाहेर पडलो. हा किस्सा मी शंभर जणांना रंगवून सांगितलाय. माफी मात्र एकाचीच मागायची होती...

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी आधी ओळखलंच नाही. मी नाव सांगितलं, त्या सामन्याबद्दल काहीतरी पुटपुटलो, तशी हातातला चहाचा कप तसाच धरून त्या एकदम बोलून गेल्या, “मेल्या, तू होतास कुठे? ते सगळ्यांना सांगायचे, ‘एवढ्या पोरांत माझं ऐकणारा तो एकच निघाला!’”